वामनाची रिकामी रांग

वेळशीच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या माथ्यावरच्या उघड्या पठारावर, देवळामागे, जांभ्या कातळात गंजिफांचा पट कोरलेला आहे. गंजिफा म्हणजे जुने, गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दहा अवतारांच्या दहा रांगा, आणि कोणतं पान कोणाला मारतं ते प्रत्येक रांगेखाली लिहिलेलं. फक्त वामनाखाली काही नाही. काम अर्धवट का राहिलं, असं कोणी विचारलं की देवळाचे म्हातारे गुरव भडकतात. राहिलं नाही, ठेवलंय, म्हणतात.

असे सांगतात, की फार पूर्वी इथे आवडी चितारीण गंजिफा रंगवायची. वेळशीचा डाव आसपासच्या गावांहून वेगळा. कोणत्या अवतारात एक्का वरचढ, कोणत्यात दश्शी, हे तिच्या सासऱ्यांनी पोथीत लिहून ठेवलं होतं. दसऱ्याला पोथी वाचायची आणि मगच पानं वाटायची, असा रिवाज. पोथी आहेच म्हणून कोणी काही पाठ केलं नाही. चूक झाली ती तिथे.

गंजिफांवरच्या पोथ्या जमवण्याचा गावातल्याच नारोपंतांना भारी नाद. दोन दिवसांत परत करतो म्हणाले. भोळ्या सासऱ्यांनी पोथी लाल फडक्यात बांधून हातात दिली. पुढे सासरे वारले, दोन दसरे गेले, पोथी काही आली नाही. डावात भांडणं, डोकी फुटली. आवडी खेटे घालून थकली.

तिसऱ्या दसऱ्याला पंत पाहुण्यांपुढे पेटारा उघडून बसले होते. आवडी थेट आत शिरली. लाल गाठोडं दिसलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंतानू, सासऱ्यान मारलेली गाठ तशीच आसा! तुमी ही उघडूकय नाय?"

"उघडायची कशाला? संग्रहात आहे, हे पुष्कळ झालं," पंत म्हणाले. "तुमच्या घरात वाळवीने खाल्ली असती."

"वाळवी बरी. ती निदान पानां तरी उघडता."

पंतांनी तिला गड्यांकरवी बाहेर काढलं.

त्याच पावली ती सड्यावर गेली, म्हणे, आणि छिन्नी धरली. कुलूप लागणार नाही अशा जागी डाव लिहीन, तोवर भात खाणार नाही, असा पण केला. म्हाताऱ्या खेळियांना विचारून, घासून-पुसून नऊ अवतार जमले. वामनावर मात्र एकाचं दुसऱ्याशी पटेना. एवढं एकच पान बघू द्या, म्हणून तिने निरोप धाडला. पंतांनी दार उघडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पंत मेले. बापाचा जीव पोथ्यांत अडकलाय, म्हणून मुलांनी पेटारा तसाच चितेवर चढवला. बांधलेल्या गाठींसकट सगळं जळून गेलं.

गाव म्हणालं, आवडे, काहीतरी कोर नि जेव एकदाची.

"खोटा मी कोरूचंय नाय," ती म्हणाली. मरेपर्यंत तिने भाताला हात लावला नाही, असे सांगतात.

आजही वेळशीत डाव मांडला की वामनाची बारा पानं पालथी बाजूला काढतात. मग जमलेले सगळे नारोपंतांना एक सणसणीत शिवी घालतात, आणि उरलेल्या नऊ अवतारांवर खेळतात.