टोपलीखाली

“…पण वर्ष तर पुरं झालं ना, अक्का? मग आज तरी मंत्र द्याल?”

नर्मदाअक्का पडवीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “बागेचे सहाही ऋतू झाले?”

“झाले. गेल्या अक्षय्य तृतीयेला आलो होतो. आज परत तीच तिथी.”

“मग देऊ.”

हरिहरशास्त्र्यांनी डोळे मिटले. या एका शब्दासाठी ते वर्षभर थांबले होते.

शास्त्री घाटावरच्या एका पाठशाळेत शिकवत. पंचेचाळिशीला आले, पाठांतर अफाट झालं, तरी आत काही हलेना. कुणीतरी सांगितलं, घाटाखाली एका लहानशा मठीत नर्मदाअक्का राहतात, त्यांच्याकडे जा. नोकरी सोडून ते आले. अक्कांनी गेल्या बारा वर्षांत कुणालाच मंत्र दिला नव्हता. शास्त्र्यांना त्या म्हणाल्या होत्या, मागच्या परसाला सहाही ऋतूंत पाणी घाल, मग माग.

एवढंच? शास्त्र्यांना हसू आलं होतं.

त्यांनी पाणी तर घातलंच, शिवाय बागेला शिस्त लावली. आळी गोल केली, वाफे दोरी धरून सरळ केले. पावसाळ्यात पडवळाला मांडव घातला. शरदात पारिजातकाखाली सारवून ठेवलं, म्हणजे फुलं मातीत पडायला नकोत. थंडीत वाल आला, मुळा आला. वसंतात मोगरा असा फुलला की येणारी माणसं देवाआधी बाग बघायला मागे जाऊ लागली.

कोपऱ्यात तेवढा सुरण होता. पावसात त्याची ठिपक्यांच्या दांड्यावरची मोठी छत्री उघडली आणि मार्गशीर्षात पिवळी पडून कोसळली. शास्त्री म्हणाले, आता उकरतो, भाजी होईल. अक्का म्हणाल्या, राहू दे. तेव्हापासून तो कोपरा उघडाच होता. नीटनेटक्या बागेत तेवढी उघडी माती शास्त्र्यांच्या डोळ्यांना खुपायची.

दर ऋतू सरला की अक्का एकच विचारायच्या, काय पाहिलंस? शास्त्री क्रमानं सगळं सांगायचे. एकही फूल सुटायचं नाही.

अक्का म्हणायच्या, “बरं.”

ते ‘बरं’ शास्त्र्यांना रात्रभर टोचायचं.

तर आज तृतीया. आज सगळा दिवसच चांगला, मुहूर्त कशाला बघायचा, असं अक्का म्हणाल्या. तरी शास्त्र्यांनी पंचांग उघडून सूर्यास्ताआधीची वेळ काढलीच. आंघोळ केली, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसले. पडवीत बागेकडे तोंड करून दोन पाट मांडले, समई लावली, मोगऱ्याची परडी भरून ठेवली.

आणि वास आला.

आधी बारीक. मग भपकन. कुजलेल्या मांसाचा.

उंदीर मेला असणार, शास्त्र्यांना वाटलं. तेही आजच. त्यांनी काठीनं पाचोळा उलटा केला, केळीच्या बुडाशी पाहिलं, पागोळीखालची पन्हळ पाहिली. उंदीर सापडेना. तेवढ्यात शेजारच्या सरूवहिनी दूध घेऊन आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला.

“काय हो शास्त्रीबुवा, मंत्र मिळायच्या आधीच देह कुणी ठेवला?”

 शास्त्र्यांचे कान लाल झाले.

उघड्या कोपऱ्याकडे माश्या घोंगावत होत्या. तिथे मातीतून काहीतरी वर आलं होतं. पान नाही, दांडा नाही. कोबीएवढा जांभळा गोळा, वर सुरकुत्या, भोवती चुण्याचुण्यांची मळकट कडा. वास त्यालाच येत होता. खाली कुजलेल्या कशावर तरी उगवलेलं भूछत्र असणार.

कुदळ घेऊन उपटायला हवं होतं. पण सोवळ्यात हात कसा लावणार? पुन्हा आंघोळ म्हणजे मुहूर्त गेला. त्यांनी काठीनं एक टोपली ढकलत आणली, त्या गोळ्यावर उलटी पाडली आणि पडवीत उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला.

ऊन तिरपं झालं. अक्का आल्या. पाटावर बसायच्या, त्या उभ्याच राहिल्या. नाक वर करून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

“टोपलीखाली काय आहे?”

“घाण आहे, अक्का. मंत्र झाला की काढतो.”

अक्का पायऱ्या उतरल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि टोपली उचलली.

…

 त्या गुडघ्यांवर हात टेकत मातीत बसल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला, देवळात गेल्यासारखा.

“सुरण फुललाय,” त्या हळूच म्हणाल्या. “किती वर्षं उकरला नव्हता…”

शास्त्री पायरीवरूनच म्हणाले, “हे फूल आहे?”

अक्कांनी त्या सुरकुतलेल्या गोळ्यावर तळवा ठेवला. डोळे मिटले. लेकराला ताप आहे का ते आई बघते, तसा तो हात होता.

“इकडे ये. हात लाव.”

“अक्का, मी सोवळ्यात आहे. वेळही थोडीच उरलीय…”

“मग राहू दे.”

अक्का रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढं म्हटलं आणि त्या शास्त्र्यांना विसरल्याच.

शास्त्री पायरीवर उभे राहिले. मागे पाट, समई, परडी. पुढे ती म्हातारी, तो वास, त्या माश्या. वर्षभरात अक्कांचा चेहरा असा त्यांनी पाहिला नव्हता. मोगऱ्यासमोर नाही. देवासमोरही नाही.

ते खाली उतरले. मुकटा मातीला लागला. श्वास रोखून त्यांनी हात पुढे केला.

आणि चटकन मागे घेतला.

“अक्का…”

“हं.”

“हे गरम आहे.”

“हो.”

“जिवंत माणसासारखं गरम आहे… फूल असं कसं असेल?”

 शास्त्र्यांनी पुन्हा हात ठेवला. या वेळी काढला नाही. तळव्याखाली ऊब होती, बाहेर संध्याकाळची हवा गार होत चालली होती. हिवाळाभर ज्या मातीवरून ते झाडू फिरवत होते, तिच्यातूनच ही ऊब येत होती. त्यांना एक श्लोक आठवायला हवा होता. आठवला नाही.

“मी हे याआधी तीनदा पाहिलं,” अक्का म्हणाल्या. “तिन्ही वेळा इथून उठवलं नाही. बघ, आजही.”

शास्त्रीही समोर मातीत उकिडवे बसले. 

ऊन भिंतीवरून कौलांवर चढलं आणि गेलं. पडवीत समईची वात काजळली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. वास तसाच होता, पण शास्त्र्यांचा हात नाकाकडे गेला नाही.

पुष्कळ वेळानं त्यांना मुहूर्ताची आठवण झाली. तो केव्हाच टळला होता. त्यांनी मातीचे हात तसेच जोडले. 

“अक्का… आता मागू का?”

अक्का थोड्या सरकल्या. आपल्या शेजारी शास्त्र्यांपुरती जागा केली.

“माग की. पण जरा दम धर. या माश्या तुझ्या आधी आल्यात, त्यांचं होऊ दे.”