निळा धूर

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक मिस्त्री राहत होता. घाट चढताना धापा टाकणारी गाडी असो की घाट उतरताना ब्रेक तापलेली, ती आधी केरबाच्या गॅरेजसमोर थांबे. केरबाचा कान मोठा तयार. बॉनेट न उघडता, नुसतं इंजिन ऐकून तो दुखणं सांगे. लोक म्हणत, केरबाने सांगितलं म्हणजे सांगितलं. हे ऐकायची त्याला सवय झाली होती.

मग त्याच गावचा जयसिंग शहरातल्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून परत आला. त्याने रस्त्याच्या पलीकडे, केरबाच्या अगदी समोर, स्वतःचं गॅरेज टाकलं. माणूस मनमोकळा होता. सकाळी हात उंचावून तो विचारी, "काका, चहा घेताय का?" केरबा पान्यांची पेटी उगाच खडखडवी आणि ऐकलं न ऐकल्यासारखं करी.

हळूहळू केरबाचं कामातलं लक्ष उडालं. हातात पाना असे आणि नजर समोर. कोणती गाडी पलीकडे वळली, कोण किती वेळ बसलं, कोण हसत बाहेर पडलं, सगळं त्याला पाठ. जेवताना तो बायकोला म्हणे, "आज सरपंचाची जीपसुद्धा तिकडंच."

"अहो, पण आपल्याकडंही गाड्या होत्याच की दिवसभर," बायको म्हणे.

त्या गाड्या त्याला आठवतच नसत.

गावात सुमनताई नावाच्या एक बाई स्वतःची डिझेल गाडी भाड्याने चालवत. घाटावरच्या वाड्यांमधली आजारी माणसं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची आणि परत घरी सोडायची, हा त्यांचा धंदा. गाडी पहिल्यापासून केरबाच्या हातची. पण एकदा केरबा लग्नाला परगावी गेला असताना गाडीचा क्लच बिघडला. सुमनताई जयसिंगकडे गेल्या आणि मग तिकडेच जायला लागल्या. केरबाला हे फार लागलं. बाकीचे गेले ते गेले, सुमनताईंनी जायला नको होतं.

एके दिवशी त्यांची गाडी घाट चढेना. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी ओढत नव्हती आणि मागून काळा धूर निघत होता. त्यांनी ती कशीबशी वळवून जयसिंगच्या दारात आणली. केरबाला राहवेना. ग्रीस मागायचं निमित्त काढून तो रस्ता ओलांडून गेला.

जयसिंगला दोष सापडला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याच्यापासून निघालेला रबरी पाइप फाटला होता आणि हवा वाटेतच निसटत होती. जयसिंगने नवा पाइप चढवला होता. जुना बाकावर पडला होता. केरबाने तो उचलला आणि आत बोट फिरवलं. बोट तेलाने माखलं. अशा पाइपात थोडं तेल असतंच, पण हे थोडं नव्हतं. पाइप वाकडा केला तर थेंब गळले.

सकाळी गाडी सुरू होताना मागून निळसर धूर निघाल्याचंही केरबाने पाहिलं होतं. निळा धूर म्हणजे जळणारं तेल. सगळा उलगडा त्याला जागच्या जागी झाला. टर्बोच्या आतलं, तेल अडवून धरणारं सील गेलं होतं. इंजिनाचं तेल हवेच्या वाटेत उतरत होतं आणि त्या तेलानेच रबर कुजून पाइप फाटला होता. असंच चालू राहिलं तर एक दिवस इंजिन डिझेल सोडून आपलंच तेल पिणार होतं. मग किल्ली काढून घेतली तरी ते थांबणार नव्हतं.

"जयसिंग," तो म्हणाला.

"बोला काका."

तेवढ्यात खुर्चीत बसलेल्या सुमनताई कौतुकाने म्हणाल्या, "केरबादादा, बघितलंत? ह्यानं घटकाभरात शोधलं. पोराच्या हाताला यश आहे!"

केरबाच्या ओठांवर आलेलं मागे फिरलं.

"ग्रीस आहे का, विचारत होतो," तो म्हणाला. ग्रीसचा डबा घेऊन तो परत आला.

त्या दिवसापासून केरबा वाट बघू लागला. रोज सकाळी सुमनताईंची गाडी सुरू झाली की तो मागचा धूर बघे. धूर दिवसेंदिवस दाट होत होता आणि तसतसं त्याच्या जिवाला बरं वाटत होतं. एकदा सुमनताई पलीकडे म्हणाल्या, "गाडी तेल जरा जास्तच खातेय रे." जयसिंग दुसऱ्या कामात गुंतला होता. "जुनी झाली ना ताई. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू," तो म्हणाला. केरबा ते ऐकून स्वतःशीच हसला.

कुणाला इजा व्हावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. गाडी जयसिंगच्या दारात बंद पडावी, चार माणसांदेखत पडावी, एवढंच. संध्याकाळी गाडी धडधाकट परत आली की मात्र त्याला अन्न गोड लागत नसे.

बाजाराचा दिवस उजाडला. रस्ता माणसांनी भरलेला. सुमनताई कृष्णाबाई नावाच्या म्हातारीला घेऊन निघाल्या होत्या. म्हातारीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, म्हणून तिला मागच्या सीटवर आडवं बसवलेलं. काचा पुसायला फडकं मागावं म्हणून सुमनताईंनी जयसिंगच्या दारात गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

आणि ते एकाएकी ओरडू लागलं. कुणी ॲक्सिलरेटरला पाय लावला नव्हता, तरी आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला. मागून निळ्या-पांढऱ्या धुराचे लोट उठले आणि रस्ता दिसेनासा झाला. सुमनताईंनी किल्ली फिरवली, मग उपसून काढली. इंजिन थांबेना. जयसिंग धावत आला. त्याने बॅटरीची तार ओढून काढली. तरी थांबेना. लोक लांब पळाले.

केरबा आपल्या दारात उभा होता. त्याला हवं होतं ते अगदी हवं तसं घडत होतं. जयसिंगच्या दारात, चार माणसांदेखत. तो क्षणभर बघत राहिला.

मग धुरातून, मागच्या दाराशी धावलेल्या सुमनताईंचा आवाज आला, "अरे, म्हातारी उठत नाहीये! कुणीतरी या!"

केरबा पळत सुटला. धुरात शिरून तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. ब्रेकवर पाय रोवला, क्लच दाबून सगळ्यात वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. चाकं अडलेली, त्यामुळे गाडीने दणका दिला, जळका वास सुटला आणि इंजिनाचा गळा आवळल्यासारखं होऊन ते मेलं.

म्हातारी वाचली. इंजिन मात्र आतून पार गेलं होतं.

लोक केरबाभोवती गोळा झाले. "शेवटी केरबाच कामाला आला," कुणीतरी म्हणालं. जयसिंग मान खाली घालून सर्वांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. जुन्या पाइपात तेल होतं. मी पाइप बदलला, तेल कुठून आलं ते बघितलं नाही."

मग तो थबकला. त्याने केरबाकडे पाहिलं.

"काका, तो पाइप त्या दिवशी तुम्ही हातात घेतला होता."

सुमनताई वळल्या. "दादा, तुम्हाला माहीत होतं?"

केरबाने खाली पाहिलं आणि सुमनताईंना उत्तर मिळालं.

"ह्याला कळलं नाही म्हणून हा चुकला," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कळत होतं. आणि मी रोज तुमच्यासमोरून माणसं घेऊन जात होते."

त्यांनी गाडी ढकलून जयसिंगच्याच गॅरेजमध्ये घेतली. दुरुस्ती होईपर्यंत घाटावरच्या आजाऱ्यांना एसटीची वाट बघत फाट्यावर बसावं लागलं. केरबाला ते आपल्या दारातून दिसत होतं. आता तो समोरच्या गाड्या बघत नव्हता, ती माणसं बघत होता.

इंजिन खोलून पुन्हा बांधून झालं. जयसिंग नवा टर्बो बसवायला घेणार, तेवढ्यात केरबा न बोलावता रस्ता ओलांडून आला. सुमनताई तिथेच होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

"थांब," केरबा म्हणाला. "पुढे हवा थंड करायची जाळी आहे ना, तिच्या पोटात जुनं तेल साचलं असेल. ती धुतल्याशिवाय सुरू करशील तर इंजिन तेच तेल ओढून परत सुटेल."

जयसिंगने जाळी काढून उलटी धरली. काळ्या तेलाची धार जमिनीवर पडली. जयसिंगने जाळीचं एक टोक केरबाच्या हातात दिलं आणि दोघं ती धुवायला बसले.

गाडी पुढेही जयसिंगकडेच येत राहिली. केरबाने ते मनाला लावून घेतलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याची चूक दिसत असून जो मत्सरापोटी गप्प बसतो, तो त्या चुकीचा भागीदार होतो, आणि तिची शिक्षा मात्र भलत्यालाच भोगावी लागते.