गोड पाण्याची पेठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण हिच्यातला गुन्हा मोठ्यांचाच आहे.

एक राज्य होतं. एवढंसं, की सकाळी एका सीमेवरून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या सीमेवर पोचायचा. राज्यात शहर एकच. डोंगराच्या उतारावर वरची पेठ, पायथ्याला खालची. वर राजवाडा, सरदार आणि सावकार. खाली विणकर, रंगारी, कुंभार आणि तेली. वरच्या पेठेची सगळी घाण उघड्या गटारातून खाली यायची आणि खालच्या पेठेच्या एकुलत्या एक विहिरीला खेटून नदीकडे जायची. खेटून म्हणजे किती? विहिरीच्या कठड्यावर बसलं तर पाय गटारात लोंबावेत, इतकं.

या खालच्या पेठेत सगुणाक्का नावाची सुईण होती. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. पेठेतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली. कोण कधी जन्मलं ते तिला पाठ होतं, आणि अलीकडे कोण कधी गेलं तेही. तान्ही पोरं हगवणीने जात होती. बाळगुटी उगाळायची ती त्याच विहिरीच्या पाण्यात, मग दुसरं काय होणार? चांगला झरा होता, पण दीड कोसावर, डोंगरात. रोज तिथे कोण जाणार, आणि गेलं तर मागावर कोण बसणार?

राजा तरुण होता, मनाने वाईट नव्हता. एक दिवस त्याने दरबारात सांगितलं, "यंदा खजिन्यातून एकच मोठं काम होईल. शहराला सगळ्यात जास्त गरज कशाची, ते नीट पाहा. जी गरज पहिली, ते काम पहिलं."

काय चुकीचं बोलला? काहीच नाही. घोळ घातला तो पाहणाऱ्यांनी आणि दाखवणाऱ्यांनी.

दिवाणांनी एकवीस प्रश्नांची यादी केली आणि आठ दिवस आधी दवंडी पिटवली, की पाहणीला येतोय. झालं! त्या राज्यातल्या लोकांची एक खोड होती. पाहुण्यासमोर घरातली उणीव दाखवायची नाही. फाटकं अंथरूण लपवायचं, शेजारून तूप उसनं आणायचं, पण पाहुण्याच्या ताटात वाढायचंच. आणि दिवाण म्हणजे तर पाहुण्यांचा पाहुणा!

पेठेचे प्रमुख होते दौलत शेटे. त्यांनी कंबर कसली. गटारावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर शेणसडा घातला, सड्यावर रांगोळी काढली. आजारी पोरांना मागच्या खोल्यांत नेऊन निजवलं. आणि पाहुण्यांना प्यायला झऱ्याचं पाणी आणायला बायका पाठवल्या. स्वतःच्या घरातूनही कोणीतरी जायला हवं, म्हणून सुनेला पाठवलं. गिरिजाला सातवा महिना होता. आधीची दोन लेकरं तिने याच विहिरीच्या पाण्यापायी मातीत दिली होती.

डोंगराच्या वाटेवर आक्काने तिला गाठलं. डोक्यावर घागर, एक हात कमरेला, चेहरा घामाने डबडबलेला.

"अगं, कुणी पाठवलं तुला?"

"मामंजींनी. पाहुण्यांना द्यायचंय."

"आणि तुला प्यायला?"

गिरिजाने नुसती घागर सावरली. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने घागर आपल्या डोक्यावर घेतली आणि तरातरा शेट्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अरे दौलत, लाज वाटते का रे तुला?" शेट्यांना तिने लंगोटीत पाहिलेलं, तेव्हा अहो-जाहोचा प्रश्नच नव्हता. "राजा विचारतोय काय हवं ते सांगा, आणि तू गटारावर रांगोळी घालतोस? पिऊ दे की त्यांना विहिरीचं पाणी! कळू दे काय पितो ते आपण!"

"आक्का, हळू बोल," शेटे कळवळून म्हणाले. "वरच्या पेठेचे लोक आधीच आपल्याला घाणेरडे म्हणतात. त्यात दिवाणांना तसलं पाणी दिलं, तर पेठेचं नाक कापलं जाईल. सावकाशीने सांगू कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी? तिसरं गेल्यावर?"

शेटे तिथून उठूनच गेले.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. दिवाण उतरले, गालिच्यावर बसले, यादी उघडली. रस्ते कसे? उत्तम. स्वच्छता? समोर रांगोळी होतीच. मग आला पाण्याचा प्रश्न. शेट्यांनी चांदीचं भांडं पुढे केलं, तेही उसनंच. दिवाणांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वा! असं गोड पाणी आमच्या वाड्यातसुद्धा नाही."

"आपल्याच कृपेने," शेटे हात जोडून म्हणाले.

आक्का गर्दी सारत पुढे आली. "दिवाणजी, जरा उठून विहिरीपर्यंत चला. वीस पावलंसुद्धा नाहीत."

दिवाण हसले. भल्या माणसासारखे हसले, तेच आक्काला जास्त झोंबलं. "बाई, पाण्याचा प्रश्न झाला की. आणि सुईणीला विचारायचं असं या यादीत काही नाही."

उत्तरं भरली, पालखी वर गेली. हिशेब सोपा होता. पाणी गोड, रस्ते उत्तम, स्वच्छता वाखाणण्याजोगी. मग शहराला कमी कशाची? वरच्या पेठेचे सावकार म्हणाले, "शोभेची." शहराच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या पेठेच्या नाक्यावर, एक भव्य दगडी कमान बांधायचं ठरलं. खालच्या पेठेत पेढे वाटले गेले. कमान आपल्याकडे होणार म्हणून! आक्काने पेढा परत पाठवला.

कमान चढत गेली. इकडे गिरिजाला मुलगा झाला. आक्काने त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, टाळू भरली, आणि घरच्यांना दहादा बजावलं, की याच्या गुटीला झऱ्याचंच पाणी घ्या. महिनाभर घेतलंही. मग सगळे कमानीच्या गडबडीत अडकले, एक दिवस कुणी गेलं नाही, घरात होतं ते वापरलं. चाळिसाव्या दिवशी पोर गेलं. आक्का भिंतीला टेकून बसली आणि मोठमोठ्याने रडली. इतकी वर्षं तिने बाळंतिणींसमोर कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

पुढच्याच पंधरवड्यात कमान तयार झाली. राजा तिच्याखालून पहिला जाणार होता. त्या राज्याचा रिवाज असा, की नव्या वेशीत शिरताना जवळच्या वस्तीतल्या पाच लेकुरवाळ्यांनी, वर्षाच्या आतलं मूल कडेवर घेऊन, राजाला ओवाळायचं. निरोप शेट्यांकडे आला. शेटे आक्काकडे आले.

"पाच जणी सांग."

"दोन आहेत," आक्का म्हणाली. "वर्षात चौदा जन्मली. दोन उरलीत. मोज माझ्याबरोबर हवं तर."

शेट्यांची मान खाली गेली. पण खोड ती खोड! म्हणाले, "वरच्या पेठेत ओळखी आहेत माझ्या. तीन पोरं तासाभरापुरती मागून आणतो. आपल्या तीन बायकांच्या कडेवर देऊ. गिरिजा घेईल एक. राजापुढे वस्तीची शोभा व्हायला नको."

यावर आक्काच्या आधी बोलली ती गिरिजा. दारामागून बाहेर आली, सासऱ्यासमोर पदर न सावरता उभी राहिली.

"मामंजी, पाणी उसनं आणलंत, मी घागर उचलली. आता लेकरू उसनं आणणार? माझ्या अंगाला अजून दुधाचा वास येतोय. दुसरीचं पोर कडेवर घेऊन मी हसू कुणाकडे बघून?"

शेटे वरच्या पेठेत गेलेच नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी सनई वाजत होती. राजा कमानीपाशी आला, आणि थबकला. समोर पाच बायका ओळीने उभ्या होत्या. दोघींच्या कडेवर मूल होतं. तिघींच्या हातात नुसतं तबक. मधोमध गिरिजा.

"लेकुरवाळ्या पाच हव्यात ना?" राजाने विचारलं. "बाकीची मुलं कुठे आहेत?"

"पुरलीत, महाराज," आक्का म्हणाली. "नदीकाठी. येता का बघायला?"

सनई बंद पडली. दिवाण घाईने पुढे आले. "महाराज, ही बाई भांडखोर आहे. पेठेचं पाणी मी स्वतः प्यालोय. यादीत लिहिलंय, गोड."

"गोडच होतं," आक्का कडाडली. "पण आमचं नव्हतं! या पोरीने सातव्या महिन्यात दीड कोसावरून वाहून आणलं होतं ते. तुम्हाला वीस पावलं चालवली नाहीत, दिवाणजी! आणि महाराज, तुम्हीही याच शहरात राहता. तुमच्या वाड्याची घाण कुठे जाते, कधी विचारलंत?"

सगळे शेट्यांकडे पाहू लागले. शेटे पुढे आले. "खरं आहे," ते म्हणाले. "फळ्या मी टाकल्या. खोटं मी बोललो. माझी तीन नातवंडं गेली, तरी बोललो."

राजा घोड्यावरून उतरला. कमानीखालून न जाता बाजूने वळून चालत विहिरीपाशी गेला आणि आत वाकून पाहिलं. परतला तेव्हा त्याने तिथल्या तिथे हुकूम दिला. खजिन्यात दुसऱ्या कामाला पैसा नव्हता, म्हणून कमान उतरवायची आणि तिच्याच दगडांनी गटार बांधून, झाकून, विहिरीपासून दूर वळवायचं. विहीर उपसून साफ करायची. आणि ते काम पुरं होईपर्यंत दिवाणांनी सहकुटुंब खालच्या पेठेत राहायचं, त्याच विहिरीचं पाणी प्यायचं.

कमान बांधायला चार महिने लागले होते. गटार दिवाणांनी बावीस दिवसांत पुरं केलं!

शेट्यांनी प्रमुखपद सोडलं. पेठेत पोरं जगू लागली, पुढच्या वर्षी आक्काला बारशांना जायला वेळ पुरेना. गिरिजाची तिन्ही लेकरं मात्र कुठल्याच हुकुमाने परत आली नाहीत.

बोध: गरज झाकणारा आणि झाकण उचलून न पाहणारा, दोघेही सारखेच दोषी असतात, आणि त्याची शिक्षा भोगतात ती ज्यांना कुणी काही विचारलंच नाही ती माणसं.