तिरक्या शब्दाच्या आत

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध अक्षरजुळणीकार राहत असत. उमेदीची वर्षे त्यांनी शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली होती. खिळ्यांचे दिवस संपले तेव्हा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पहिलीतल्या मुलाच्या निष्ठेने ते संगणकासमोर जाऊन बसले आणि नवी विद्या शिकले. सारी पेठ त्यांना गुरुजी म्हणे. ते बोलत कमी आणि दाखवत जास्त.

त्यांच्या हाताखाली शालन नावाची तिशीतली एक शिष्या काम शिकत होती. हात चलाख, बुद्धी तल्लख, पण राग मात्र नाकावर. त्यातला बराचसा राग वडिलांवरचा होता. तिचे आबा जन्मात कधी सरळ बोलले नव्हते. भूक लागली की म्हणत, "आज चुलीला सुटी दिसतेय." शालनची आई वारली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि भेटायला आलेल्या माणसांनाही आबांनी सुनावले होते, "गेली एकदाची, सुटली माझ्या तावडीतून." पुढे शालन सासर सोडून पेठेत शिकायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "जुळव आता अक्षरं. माणसं काही तुझ्याच्यानं जुळली नाहीत." त्या वाक्याला दोन वर्षे झाली होती. शालनने माहेरचा उंबरा पुन्हा ओलांडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. आबांच्या हृदयाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचे होते, आणि डॉक्टरांनी कसलीच हमी दिली नव्हती.

"त्यांनी बोलावलंय का मला?" शालनने विचारले.

भाऊ जरा घुटमळला. "म्हणाले, बाईसाहेबांना सवड नसेल तर राहू दे, मी काही पळून जात नाही."

शालनने फोन ठेवला. "एकदा तरी सरळ बोलू देत, मग जाईन," ती गुरुजींना म्हणाली. गुरुजींनी चष्मा पुसला आणि दिवसाचे काम तिच्यासमोर ठेवले.

काम होते एका भुसार व्यापाऱ्याचे. त्याच्या गावाची माहितीपुस्तिका छापायची होती आणि तिच्यात गावाचा नकाशा होता. मणिगंगा नावाची छोटी नदी त्या नकाशात वरच्या कोपऱ्यातून खाली तिरकी उतरत होती. नदीचे नाव नदीच्या काठाकाठाने, तिच्याच उताराने लिहिलेले हवे, असा व्यापाऱ्याचा हट्ट होता.

शालनने आधी शब्द फोडून पायऱ्या करून पाहिल्या. एक अक्षर वर, दुसरे त्याच्या खाली थोडे पुढे. शिरोरेषेचे तुकडे झाले, आणि 'ण'पासून सुटलेली वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून एकटीच उभी राहिली. गुरुजी हळूच म्हणाले, "अक्षर फोडून तिरकं होत नाही. अख्खा शब्द चौकटीत ठेव आणि चौकट फिरव." शालनने तसे केले. चौकटीच्या माथ्यावरची इवलीशी गोल कडी धरून तिने ती फिरवली, तसा शब्द कलत कलत नदीच्या काठाला जाऊन टेकला. एवढे जमल्यावर तिने तो नकाशा छापून घेतला.

चार वाजता व्यापारी आला. नकाशा डोळ्यांजवळ धरून त्याने कपाळाला हात लावला. "बाई, मणिगंगेला दुसरी वेलांटी दिलीत? पहिली हवी. नदीचंच नाव चुकलं तर गाव मला वेशीच्या आत घ्यायचं नाही."

शालन ओशाळली. तिने तत्काळ कडी धरली आणि चौकट फिरवून सरळ केली. शब्द नदीवरून उठला आणि देऊळ-शाळा झाकत नकाशावर आडवा पसरला. तेवढ्यात गुरुजींनी हात पुढे करून केलेला बदल मागे घेणारी कळ दाबली. शब्द, चुकीच्या वेलांटीसकट, पुन्हा काठावर तिरका झाला.

म्हाताऱ्याचा हात चुकला असेल, असे समजून शालनने तो पुन्हा सरळ केला. गुरुजींनी पुन्हा तिरका केला. तिसऱ्यांदाही तेच झाले. व्यापारी आळीपाळीने दोघांची तोंडे पाहू लागला.

"गुरुजी, सरळ केल्याशिवाय दुरुस्त कसं करू?" शालनचा आवाज चढला. "मान वाकडी करून वाचत बसू का?"

"त्याला सरळ करायला जाऊ नकोस," गुरुजी म्हणाले. "आत जा."

आजवर ती शब्द आधी लिही आणि मग फिरवी. फिरवलेल्या शब्दात परत शिरण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नव्हता. तिने माउसचा बाण थेट शब्दाच्या पोटात नेला आणि टिचकी मारली. क्षणात तो शब्द आपण होऊन सरळ झाला. कडीला कोणी हात लावला नव्हता. शिरोरेषा एका पातळीत, प्रत्येक अक्षर आपल्या जागी, जणू ते कधी कललेच नव्हते. शालनने वेलांटी बदलली आणि बाहेर नुसती टिचकी मारली. मणिगंगा पुन्हा कलली आणि आपल्या काठाने वाहू लागली.

तिने पुन्हा आत जाऊन पाहिले, पुन्हा बाहेर येऊन पाहिले. व्यापाऱ्याने तर नकळत हात जोडले होते.

गुरुजी म्हणाले, "पोरी, आतला शब्द तिरका कधी नव्हताच. तिरकी होती ती चौकट. ज्या काठानं त्याला जावं लागलं, त्या काठाचा तो उतार आहे. बाहेरून कडी पिळून सरळ करशील तर त्याची जागा हरवेल. आत शिरशील तर तो तुझ्यासमोर सरळ उभा राहील. बाहेर आल्यावर पुन्हा कलेल, तेव्हा कलू दे त्याला. काही माणसांना भर रडण्याच्या वेळी उभं राहावं लागतं, ती तेव्हाच कलतात आणि मग तशीच राहतात."

आई गेली त्या दिवशी आबांच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ होता आणि आपण त्यांच्या पायाला धरून रडत होतो, हे शालनला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आठवले. मग तिने फोन उचलला. पलीकडे घंटी बराच वेळ वाजली.

"कोण? चुकून लागला का फोन?" आबांचा आवाज आला.

"नाही आबा, तुमच्यासाठीच केलाय. मी निघतेय."

"अस्सं? मग स्टँडवर बँड सांगून ठेवतो."

सकाळची शालन असती तर तिने तिथेच फोन ठेवला असता. आता तिने डोळे मिटले. "आबा," ती म्हणाली, "भीती वाटतेय का?"

पलीकडे खाट करकरली.

"वाटते गं," आबा म्हणाले. हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. त्यात कुठेही बाक नव्हता. "सहाच्या गाडीनं ये. तिला बसायला जागा मिळते."

शालन पाच वाजताच स्टँडवर जाऊन उभी राहिली.