लोणच्याच्या बरणीतली स्कॉच

दोष सगळा काकासाहेबांचा. कोरलगडच्या राजाचे हे सख्खे चुलते. वय सत्तर, काम शून्य, तहान अफाट! दारूच्या कपाटाची किल्ली तातोबा आबदाराकडे होती आणि संध्याकाळच्या ठरलेल्या एका पेल्यापलीकडे तातोबा त्यांना चोरून एक थेंब देत नव्हता. मग किल्लीच हातात यावी म्हणून म्हाताऱ्यानं राजाचे कान भरले.

त्याच आठवड्यात विलायतेहून एक बाटली आली होती. सिंगल माल्ट स्कॉच, जगात मोजून तीनशे बाटल्या. राजा ती कडेवरच्या लेकरासारखी घेऊन हिंडत होता.

"राजे, एवढी दुर्मीळ चीज," काकासाहेब म्हणाले, "आम्हा सहा वडीलधाऱ्यांना चाखवली नाहीत तर लोक काय म्हणतील?"

"चाखवली तर संपेल!"

"मग तातोबाला कामाला लावा की! तीस वर्षं आबदार म्हणवतो ना? आम्ही चाखायची, पण बाटली कमी व्हायची नाही. नाही जमलं, तर किल्ली माझ्याकडे."

राजा हट्टी, त्यात चिक्कू. कल्पना त्याला भलतीच आवडली! त्यानं बाटलीतल्या दारूच्या पातळीवर रेशमी धागा बांधला आणि तातोबाला बोलावलं.

"उद्या दुपारी चार वाजता या सहाही जणांनी माझ्यासमोर म्हटलं पाहिजे, 'चाखली!' आणि दारू या धाग्याखाली उतरता कामा नये. उतरली, तर किल्ली ठेव आणि गड उतर!"

तातोबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची लेक सगुणा चूल पेटवत होती. मास्तरांच्या चुका दाखवल्या म्हणून सातवीतच शाळेबाहेर पडलेली पोर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, असं आहे तरी काय त्या बाटलीत?"

"बारा वर्षं लाकडी पिंपात मुरवतात. मग शेवटी दुसऱ्या पिंपात भरतात. त्यात आधी शेरी असते, द्राक्षाची दारू. शेरी काढून टाकली तरी पिंप आपला गुण सोडत नाही. तो स्कॉचमध्ये उतरतो."

"म्हणजे आपली लोणच्याची बरणी! तीनदा घासा, पाणी आंबटच लागतं."

"इथं माझी नोकरी चाललीय आणि तू लोणचं काय काढतेस गं!"

"लोणचंच काढते," सगुणा म्हणाली आणि तिनं फळीवरची बरणी खाली घेतली. लिंबाचं लोणचं ताटात उपसलं, बरणीवर एक ओझरता हात फिरवला. मग कोरा चहा उकळला, भरपूर आलं ठेचून टाकलं, गाळला आणि थेट बरणीत ओतून वर दादरा बांधला. तातोबा उठून बरणीपाशी आला.

"अगं, कुणी ओळखलं तर?"

"आधी कोण बोलणार, आबा?"

गडाची रीतच होती: सर्वांत वडील आधी बोलणार, बाकीचे माना डोलावणार. आमटीत मीठ जास्त पडो की छप्पर गळो, वडील म्हणाले 'झकास' की सगळ्यांचं झकास!

दुसऱ्या दिवशी चारला तातोबा आणि सगुणा तबक घेऊन आले. मधोमध रेशमी रुमालाखाली बाटली, भोवती भरलेले सहा पेले. शेजारी अभिप्रायाची वही. राजाची नजर रुमालावरून हटेना.

काकासाहेबांनी पेला उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला.

"वाहवा! समुद्राची खारी झुळूक! मागून लिंबाची साल... आणि घशातला हा चटका! शेरीच्या पिंपाची खूण ती हीच!"

दिवाणांचं तोंड वाकडं झालं होतं. ते त्यांनी घाईनं सरळ केलं. "साल! मी अगदी हेच म्हणणार होतो!"

"चटका तर अस्सल," वैद्यबुवा म्हणाले. जन्मभर आलं कुटलं, पण पेल्यातलं ओळखता आलं नाही! फडणिसांनी तर दुसरा पेला मागितला. सहाही जणांनी वहीत लिहिलं, 'चाखली', आणि खाली झोकदार सह्या ठोकल्या.

राजानं झडप घालून रुमाल ओढला. दारू धाग्याला टेकलेली. वरचं सीलही शाबूत!

"अरे! मग यांनी ढोसलं काय?"

"कोरा चहा, सरकार," सगुणा पुढं झाली. "आल्याचा. काल दुपारपासून लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत मुरवलेला."

"फसवणूक!" काकासाहेब ताडकन उठले. "ही स्कॉच नव्हतीच! तातोबा हरला! किल्ली इकडे!"

"नव्हतीच ना?" सगुणानं वही त्यांच्या नाकासमोर धरली. "मग ही सही कुणाची? चहा होता म्हणाल, तर सरकारांसमोर सही करून खोटं बोललात. स्कॉच होती म्हणाल, तर आबा जिंकले. काय होतं ते आधी तुम्हीच सांगा. वडील आहात!"

काकासाहेबांनी राजाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"स्कॉच... होती."

"होती, होती!" पाचही माना डोलल्या.

राजा जो हसत सुटला, तो फेटा सुटून गळ्यात येईपर्यंत! "समुद्राची झुळूक! आणि तीही बरणीतून! माग पोरी, काय हवं ते माग!"

"तीस वर्षं आबांनी दुसऱ्यांना ओतली, सरकार. या बाटलीतला पहिला घोट त्यांचा."

राजाचं हसू थांबलं. त्यानं धाग्याकडे एकदा कळवळून पाहिलं. मग स्वतःच तो तोडला, सील फोडलं आणि पेला तातोबाच्या हातात दिला.

"कशी आहे?"

सवयीनं सगळे काकासाहेबांकडे वळले. तातोबा वळला नाही. त्यानं घोट तोंडात घोळवला, सावकाश गिळला.

"चांगली आहे, सरकार. पण बरणीची सर नाही!"

राजा पुन्हा हसून लोळला. किल्ली तातोबाकडेच राहील आणि त्याच्यामागून सगुणेकडे जाईल, असं त्यानं त्याच वहीत, त्याच सहा सह्यांखाली लिहून दिलं.

काकासाहेबांचा संध्याकाळचा पेला त्या दिवसापासून बंद झाला, आणि आधी बोलायचा मानही गेला.