सांबरशिंगाची मूठ

नदीकाठी एक गाव होते आणि त्या गावाला आपल्या कलिंगडांचा नको इतका अभिमान होता. या अभिमानापायी गावाने एक रीत पाडली होती. बाजारात गिऱ्हाइकाने मागितले की कलिंगडवाल्याने चाकूने तिकोनी खाप काढून दाखवायची. खाप लाल निघाली तर गिऱ्हाईक कलिंगड घेऊन जाई. पांढरी निघाली तर विकणाऱ्याने तिथेच बसून, सगळ्यांदेखत, ते कलिंगड खायचे. ही रीत कोणी काढली ते कोणाला ठाऊक नव्हते. काढणारा नक्कीच गिऱ्हाईक असणार.

याच गावात गुणाजी राहत असे. त्याच्यावर पांढरे कलिंगड खायची पाळी कधी आली नव्हती. तो आधी टिचकी मारी, कान लावी आणि आतून बदबद आवाज आला तरच चाकू खुपसी. त्याची बायको तुळसा हिवाळाभर नदीच्या वाळूत वेलांना घागरींनी पाणी घाली. उन्हाळ्यात गुणाजी कलिंगडे विकी. दोघांचे सगळे वर्ष वाळूच्या त्या पट्ट्यावर चाले.

एका चैत्रात, हंगाम भरात असताना, गुणाजीच्या घडीच्या चाकूची लाकडी मूठ चिरली. पाते शाबूत होते. तुळसा म्हणाली, शिकलगाराकडे जा, बाभळीची मूठ बसवून घ्या आणि दुपारच्या आत या. गुणाजी गेला तो संध्याकाळी उगवला.

झाले होते असे, की शिकलगाराने गोणपाटावर मुठींचे नाना नमुने मांडून ठेवले होते. गुणाजीला आजवर मूठ म्हणजे मूठ एवढेच ठाऊक होते. त्याने बाभळीची मूठ उचलली, तर शिकलगाराने ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही गुराख्यासाठी, मालक. तुमच्यासारख्याला शोभंल अशी बघा की."

गुणाजीला जन्मात कोणी मालक म्हटले नव्हते. तो तिथेच मांडी घालून बसला आणि दिवसभर मुठी हातात घेऊन पाहत राहिला. शेवटी पितळेची मूठ बसवून घरी आला. दिसायला ती झकास होती. पण चैत्राचे ऊन पितळेला काही मान देत नाही. दुसऱ्या दिवशी भर बाजारात मूठ अशी तापली की गुणाजी चाकू या हातातून त्या हातात उडवू लागला. भोवती गर्दी जमली. लोकांना वाटले, गुणाजीने डोंबाऱ्याचा खेळ सुरू केला आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कलिंगड मात्र कोणी घेतले नाही.

मग म्हशीच्या शिंगाची मूठ आली. ती हाताला गार लागे, पण गावातल्या कुत्र्यांना तिचा वास फार आवडला. आठवडाभर गुणाजी पुढे आणि कुत्री मागे अशी मिरवणूक चालली. एका कुत्र्याने अखेर मूठ पळवली, तीही पात्यासकट. ते पाते परत मिळवताना गुणाजीचे धोतर फाटले.

एवढ्यावर शहाणा माणूस बाभळीकडे वळला असता. गुणाजी सांबरशिंगाकडे वळला.

आणि खरे सांगायचे तर ती मूठ सुरेखच होती. तपकिरी, खडबडीत, मुठीत घट्ट बसणारी, दोन्ही टोकांना चांदीची फुले. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट निघाली ती गुणाजीत. खाप काढताना तो आता मनगट असे वळवी की चांदीची फुले गिऱ्हाइकाकडे यावीत. फुले दिसली की नाही, हे पाहायला तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे. या गडबडीत कलिंगडाकडे बघायचे राहून जाई. पहिली पांढरी खाप निघाली तेव्हा लोक हसले. गुणाजी ते कलिंगड खाऊन घरी आला आणि रात्रीचे जेवला नाही.

तुळसा म्हणाली, "अहो, टिचकी मारायची इसरलात तुम्ही."

गुणाजी म्हणाला, "असला चाकू हातात असल्यावर टिचकी कशाला लागतीया?"

तुळसा घागर घेऊन वेलांकडे निघून गेली.

त्याच सुमाराला बातमी आली की सरदारांच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि मांडवासाठी एकाच कलिंगडवाल्याची सगळी वाडी, म्हणजे वेलांवरचे सगळे पीक, उचलायची आहे. निवड करायला खुद्द सरदारांच्या बाईसाहेब बाजारात येणार होत्या. ज्याची वाडी जाईल त्याला वर्षाची ददात राहणार नव्हती. ज्यांची राहील त्यांची पुढच्या चार दिवसांत नासायला लागणार होती, कारण वेलावरची फळे आता थांबायला तयार नव्हती. त्या सकाळी तुळसाने हात जोडून सांगितले की आजचा दिवस तरी कान लावा. गुणाजी हो म्हणाला आणि राखेने चांदीची फुले घासत बसला.

बाईसाहेब आल्या. लेकीच्या लग्नाने त्यांना इतकी घाई झालेली होती की त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, दाखवा. गुणाजीने मनगट वळवले. फुले चमकली. खाप निघाली ती दुधी भोपळ्यासारखी पांढरी. त्याने घाईने दुसरे कलिंगड ओढले. तेही पांढरे. रीत ती रीत. गुणाजी जमिनीवर बसला आणि खाऊ लागला.

शेजारी आपली कलिंगडे मांडून चांगुणाआत्या बसली होती. तिचा चाकू म्हणजे चिंधी गुंडाळलेले एक पाते. ती चिंधी पाहून बाईसाहेबांनी नाक मुरडले आणि गुणाजीचा चाकू उचलून तिच्या हातात दिला. आत्याने मुठीकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने एका कलिंगडावर टिचकी मारली, मान हलवली, ते बाजूला सारले. दुसऱ्यावर मारली, कान लावला आणि चाकू खुपसला. खाप निघाली ती लालभडक, रस टपकणारी. आत्याने पाते पदराला पुसून चाकू गुणाजीसमोर ठेवला.

"ने बाबा तुझा चाकू. चांगला चालतोय."

बाईसाहेबांनी आत्याची सगळी वाडी उचलायला सांगितली. जाता जाता त्या गुणाजीपाशी थांबल्या.

"मूठ मात्र फार सुरेख आहे हो तुमची," त्या म्हणाल्या.

सगळा हंगाम गुणाजीने याच एका वाक्याची वाट पाहिली होती. आता ते आले, तर त्याचे तोंड पांढऱ्या कलिंगडाने भरलेले होते आणि पलीकडे तुळसा न विकलेली फळे एकटीच गाडीत चढवत होती. त्याला घासही गिळवेना आणि कौतुकही.

तात्पर्य: हत्यार कितीही देखणे घ्या, त्याला कोणी हरकत घेत नाही, पण नजर कामावर ठेवा. ती बघणाऱ्यांच्या तोंडाकडे गेली, की चांगले हत्यारही पांढरी खापच काढते आणि ती आपल्या घरच्यांनाही खावी लागते.