मामांच्या कानाचं माप

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो नीट ऐकायचा आणि ऐकलेलं नीट करायचा. त्याच्यात दोष म्हणावा तर एवढाच.

त्याच्या घरी एक जुना टेप होता आणि एक कॅसेट. त्या कॅसेटमध्ये त्याच्या वारलेल्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. दर वर्षी तिच्या तिथीला सासरे, दौलूमामा, त्या ऐकायला यायचे. गेल्या खेपेला टेप घोगरा वाजला. मामा एवढंच म्हणाले, "म्हातारीला सर्दी झाल्यागत वाटतंय."

ते केरबाच्या मनाला लागलं. यंदाच्या तिथीआधी तो तालुक्याला आप्पा रेडिओवाल्याकडे गेला. आप्पा म्हणाला, "जुना टेप दे, नवा डेक आणि दोन स्पीकर ने. पण जुना आहे तसा आण हं. त्यातलं काही काढायचं नाही."

केरबानं टेप आहे तसा नेऊन दिला. काही काढलं नाही.

घरी येऊन त्यानं स्पीकर कपाटावर चढवले, भिंतीला चिकटवून. डेकबरोबर भजनाची एक कॅसेट मिळाली होती, ती लावली. मृदंगानं घरातली भांडी थरथरली, पण शब्द एक कळेना. तो परत आप्पाकडे गेला.

"भिंतीला टेकवलंस काय? घोटाळा होणारच. हातभर पुढं ओढ."

"भिंतीला टेकलेलं, हातभर पुढं," असं घोकत केरबा घरी आला. भिंतीला टेकलेली पहिली वस्तू दिसली ती शिडी. शिडीवर त्याची बायको सुंदरा उभी होती. वडील येणार म्हणून भिंतीला चुना देत होती.

केरबानं शिडी हातभर पुढं ओढली.

सुंदरा चुन्याच्या बादलीत बसली. "अहो, जे जसं टेकलंय ते तसं राहू द्यावं! उगा हलवू नये!"

"मग हे आधी नाही का सांगायचं?" केरबा म्हणाला.

मग त्यानं स्पीकरही कपाटासकट ओढले. शब्द कळू लागले, पण आवाज वरच्या वर, डोक्यावरून जाऊ लागला. तिसऱ्यांदा आप्पाकडे.

"स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला हवेत. ऐकणार कोण?"

"मामा."

"मग घे मामांच्या कानाचं माप!"

केरबा सुतळी घेऊन सासुरवाडीला गेला. दुपारची वेळ होती. मामा वाकळेवर झोपले होते. त्याला सुंदराचं आठवलं, जे जसं टेकलंय ते हलवू नये. त्यानं मामांना उठवलं नाही. जमिनीपासून कान सहा बोटं भरला. सुतळीला गाठ मारून तो परतला आणि सहा बोटं उंचीवर स्पीकर आडवे मांडले.

तिथीला मामा आले, खुर्चीवर बसले. भजन सुरू झालं.

"जावईबापू, हे माझ्या पायांना ऐकू येतंय."

"मामा, तुम्ही आडवे व्हा. माप आडवं घेतलंय."

मामा भले माणूस. आडवे झाले. शब्दन् शब्द कानात पडला.

"झकास! आता लावा म्हातारीला."

सुंदरानं सगळीकडे शोधलं. "अहो, कॅसेट कुठाय?"

"टेपात."

"आणि टेप?"

"आप्पाकडं. आहे तसा दिलाय."

मामा उठले. फेटा बांधला. तिघंही एस.टी.नं तालुक्याला गेले.

टेप दुकानातच होता, वर फळीवर. कॅसेट आत तशीच.

"आत धूळ होती नुसती," आप्पा म्हणाला. "पुसली, झालं."

त्यानं बटण दाबलं. सासूचा आवाज आला, स्वच्छ, धुतल्यासारखा. मामा फळीखाली डोळे मिटून उभे राहिले.

"गेली गं तुझी सर्दी," ते म्हणाले.

सुंदरानं डोळ्यांना पदर लावला. केरबालाही भरून आलं. एकच गोष्ट त्याला खुपत होती. टेप भिंतीला टेकला होता. आता कुणी सांगायची गरज नव्हती. एवढा शहाणा तो झाला होता. त्यानं हात वर केला आणि टेप हातभर पुढं ओढला.

फळी वीतभर रुंद होती.